पोरगं म्हणतंय शेफ होणार, घरच्या शेतातलंच वाढणार

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातनं एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला आहे, नीट वगैरे नको म्हणतो, शेफ व्हायचं आणि घरच्या तीन एकरात जे पिकेल ते शिजवून वाढणारं रेस्टॉरंट काढायचं म्हणतो. घरचे म्हणतात एवढं शिकून भाकऱ्याच बडवायच्या काय. ताई विचारतात, ह्यात पोट भरतं का, आणि जमिनीवर कर्ज काढून त्याला हॉटेल घालून द्यावं का.

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, आत्ता अजिबात नको. पहिल्याचं उत्तर होय, पोट भरतं, खरं पोरानं आधी पाच-सहा वर्षं दुसऱ्याच्या किचनमध्ये काढली तर.

मुलाचं हे काही खूळ नाही. अमेरिकेत बर्कलीला अॅलिस वॉटर्स ह्या बाईंनी 1971 ला शे पनीस नावाचं रेस्टॉरंट काढलं, त्या दिवशी चांगलं काय मिळालं ते बघून एकच ठरलेलं जेवण वाढायचं, सुरुवातीला पैशाची लई ओढाताण झाली खरं पुढं ते जगभर गाजलं. आणि आपल्याकडं बघा की, बेळगावच्या पश्चिम भागातली भाजी चोर्ला घाटातनं गोव्याला जाते, तिथं पर्यटक ती खातात आणि कुठल्या शिवारातली हे कुणालाच ठाऊक नसतं. पोराला ते सांगून वाढायचंय, मला तर मनापासून आवडलं.

खरी मेख मेनूत आहे. तुमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस झोडपतो, लावण झाली की शेतात भाताशिवाय काही दिसत नाही, मग टोमॅटो-कोबी कुठनं आणणार? तेव्हा टाकळा, कुरडू, अळू, बांबूचे कोंब, मिळाली तर अळंबी. पुढं रताळी निघतात, मग भात घरात येतो, त्याच वावरात ओलीवर मसूर, वाटाणा, आणि उन्हाळ्यात काजू, फणस, आमसूल, करवंदं. बारा महिने पनीर बटर मसाला मागणाऱ्या गिऱ्हाइकाला जुलैत काय वाढायचं, आणि ते त्याला परत यावंसं वाटेल असं कसं वाढायचं, हे ज्याला जमलं त्याचं हॉटेल चालणार. ह्यातलं निम्मं तुम्हालाच येतं ताई. ओले काजू फोडताना हात चिकानं भाजू नयेत म्हणून काय करायचं, फणसाच्या आठळ्या पावसाळ्यापर्यंत कशा टिकवायच्या, हे तुमच्याकडनं त्यानं आत्ताच वहीत लिहून घ्यावं.

दुसरी गोष्ट हिशोब, आणि इथंच बरीच चांगली हॉटेलं बसतात. त्याला दहा किलो रताळी द्या, माती धुऊन, सोलून, किडकं काढून किती उरलं ते वजन करू दे, मग एका प्लेटीला किती लागलं ते काढू दे. धंद्यात साधारण ठोकताळा असा की थाळी 200 रुपयांची असेल तर माल 60-70 रुपयांत बसला पाहिजे, बाकीच्यात पगार, गॅस, लाईटबिल, वाया गेलेलं सगळं भागवायचं असतं. घरची भाजी फुकट धरायची नाही हां, बाजारात जो भाव मिळाला असता तोच लावायचा, नाहीतर हॉटेल फायद्यात दिसतं आणि शेत गुपचूप तोट्यात जातं. शिवाय रेस्टॉरंटच्या बिलावर 5 टक्के जीएसटी लावायचा असतो खरं फ्रिज-मिक्सर-भांड्यांवर आपण भरलेला जीएसटी त्यातनं वजा होत नाही. आणि तीन एकरात सगळं काही पिकणार नाही, गावातल्या चार-पाच जणांकडनं घ्यावंच लागेल, त्यांचे पैसे त्याच दिवशी रोख.

शिक्षणाचं सोपं आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्लिश विषय पाहिजे. एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते, त्यातनं सरकारी आयएचएमला, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजला, डिग्रीला अॅडमिशन मिळतं, तुम्हाला गोव्याचं पर्वरीचं जवळ, नाहीतर बेंगळूरू. डिग्री नको असेल तर दहावीनंतरचा दीड वर्षाचा फूड प्रॉडक्शनचा क्राफ्ट्समनशिप कोर्स आहे, तोही वाईट नाही, हात चांगला बसतो. शेतीचं अडलं तर मत्तीकोपचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे.

पुढं कॉमी, म्हणजे किचनमधला सगळ्यात खालचा शिकाऊ शेफ, म्हणून लागला की दिवसच्या दिवस चिरणं-सोलणं, दहा-बारा तास उभं, गणपती-दिवाळीला सगळे घरी आणि हा किचनमध्ये, पगारही सुरुवातीला थोडाच. हे त्याला आत्ताच दिसलं पाहिजे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बेळगावातल्या एखाद्या चालू खानावळीत ओळखीनं राबू दे, गल्ल्यावर नाही, आत मोरीजवळ आणि चुलीजवळ. तिथनं आल्यावरही हेच करायचंय म्हणाला तर परीक्षेचा फॉर्म भरा, घरच्यांशी मी बोलायला तयार आहे.

जागेचं मागनं बघू. शेतात बांधायचं झालं तर एनए, म्हणजे जमीन बिगरशेती, करावं लागतं, पंचायतीचं ट्रेड लायसन, एफएसएसएआय ह्या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचं फूड लायसन, आणि ऑफिसात सगळं कन्नडमध्ये चालतं, तेव्हा पोराला कन्नड नीट लिहिता-वाचता येऊ दे. उताऱ्यावर कर्जाचा बोजा मात्र चढवू नका. शिकून, नोकरी करून आला की पहिली दोन-तीन वर्षं फक्त रविवारी, आधी फोन करून येणाऱ्या दहा-पंधरा माणसांना घरच्या अंगणात जेवू घालू दे, एका हंगामाचा हिशोब जुळला की मग भिंती बांधायचं बोलू.