चालीवर बसताना

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचं गाणं मिळालं. आधी गाणं नुसतं वाचलं आणि ते आवडलं. मग पेटी काढून तू रेकॉर्ड करून पाठवलेल्या चालीत म्हणायला बसलो, तर तिसऱ्याच ओळीला जीभ अडखळली. दोनदा, तीनदा म्हणून पाहिलं, तिथेच ठेच लागत होती. हे पत्र त्या ठेचेबद्दलच आहे असं समज.

आधी शब्द लिहावेत की आधी चाल करावी, असं तू विचारलंस. कुणी तुला सांगितलं की रोज पानभर लिहीत जा, गाणी आपोआप येतील. कुणी म्हणालं, गिटारवर सूर फिरवत बस आणि तोंडातून निघेल ते उतरवून घे. आणखी कुणी वृत्तांचं पुस्तक पुढे ठेवलं. या तिन्ही वाटांनी गेलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांनी चांगली गाणी लिहिली आहेत. पण आज तू जिथे आहेस तिथून मी तुला चौथी वाट दाखवेन, सगळ्यांत जुनी. दुसऱ्याच्या चालीवर स्वतःचे शब्द बसव.

यात कमीपणा मानू नकोस. आपलं संगीत नाटक याच वाटेने उभं राहिलं. १८८० साली किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं, तेव्हा साकी, दिंडी ही गायची वृत्तं, कीर्तनातली पदं, लावण्या अशा लोकांच्या कानात आधीच असलेल्या चाली त्यांनी हाताशी घेतल्या. जुन्या नाटकांची छापील पुस्तकं कुठे मिळाली तर उघडून बघ, पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले सापडतील. पुढे १९११ मध्ये 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी आणि १९१६ मध्ये 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. तेव्हाही कितीतरी पदांच्या मागे एखादी हिंदुस्थानी चीज, म्हणजे रागातली बंदिश, उभी असे आणि या दोन्ही नाटकांचे लेखक खाडिलकर त्या चालीच्या मापाने मराठी शब्द बांधत.

तू सुरुवात लहान चालीपासून कर. भोंडल्याचं एखादं गाणं घे, किंवा आजीची अंगाई. मूळ शब्द टाकून दे आणि चाल नुसती 'ला ला' करत म्हण. सूर लांबतो तिथे कागदावर आडवी रेघ मार, पटकन सुटतो तिथे टिंब दे, श्वास घ्यावा लागतो तिथे उभी रेघ. कागद भरला की त्या रेघा-टिंबांवर शब्द ठेवत जा. विषय साधाच असू दे, सकाळी चुकलेली एसटी, उतू गेलेलं दूध, काहीही. रेघेवर दीर्घ अक्षर, टिंबावर ऱ्हस्व, आणि श्वासाच्या जागी शब्द मधून तुटता कामा नये. मूळ शब्द सारखे आडवे येतील, पहिले चार-पाच दिवस तर फारच. येऊ देत.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. पंचविशीत मी एका समूहगीताची ओळ लिहिली होती, 'दूर क्षितिजापाशी'. कागदावर फार देखणी वाटायची. गाणाऱ्या मुलीच्या वाट्याला मात्र चालीतला सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत लांब सूर नेमका 'क्षि'वर आला. तिने जीव तोडून 'क्षीऽऽ' लावला आणि ऐकणाऱ्याला शब्दच कळेना. दोष तिचा नव्हता, चालीचाही नव्हता. एवढ्याशा ऱ्हस्व अक्षरावर, तेही जोडाक्षर, मी तिला उभं केलं होतं. तालमीच्या तिसऱ्या दिवशी मी 'क्षितिजापाशी' खोडून 'माळापाशी' लिहिलं. 'क्षिति'च्या दोन मात्रा 'मा'मध्ये बरोबर मावल्या. ती मुलगी उघड्या गळ्याने 'मा' वर गेली आणि सगळी तालीम क्षणभर थांबली. शिवाय ते गाणं ज्या गावाचं होतं त्या गावाला माळ रोज दिसत होता. गळ्याची सोय पाहायला गेलो आणि अर्थही सुधारला. त्या दिवसापासून म्हणून पाहिल्याशिवाय एकही ओळ मी पक्की केली नाही.

आता तुझ्या यमकांकडे येतो. येते, जाते, गाते, राहते. चारही ओळींच्या शेवटी क्रियापद! आपल्या भाषेत वाक्याचा शेवट बहुधा क्रियापदाने होतो, त्यामुळे असं यमक फुकट मिळतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते फुकट मिळाल्याचं कळतं. यावर अभंगाइतकं चांगलं औषध मला माहीत नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. बोटं मोजत मी आत्ताच एक बांधला, नमुना म्हणून:

पाऊस थांबला
भिंतीवर ओल
अजूनही खोल
उतरते

क्रियापद शेवटी आहेच, पण यमकाचं ओझं त्याच्यावर नाही. ते 'ओल' आणि 'खोल' या शब्दांनी उचललं, आणि ते दोघं एकमेकांना अर्थानेही ओढतात. असे रोज दोन बांध. चांगले झाले नाहीत तरी वहीत राहू देत. माधव जूलियनांची 'छंदोरचना', वृत्तांवरचं पुस्तक, तुला कुणी दिली असेल तर जपून ठेव, पण सहा महिन्यांनी उघड. कान तयार होण्याआधी वृत्तांची नावं पाठ केलेली मुलं ओळी मोजत बसतात आणि गात नाहीत, हे मी फार पाहिलं आहे.

लिहिता येणं ही तरी गाण्याची अट कुठे आहे? बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. कामाच्या लयीत गाणी सुचत गेली, ती मुलाने आणि नात्यातल्या माणसाने उतरवून ठेवली म्हणून १९५२ मध्ये छापली गेली. जात्यावर बसणाऱ्या बायकांना 'पहिली माझी ओवी' हा सांगाडा आयता मिळायचा आणि त्यात आपलं माहेर, आपला भाऊ, आपलं दुखणं त्या भरायच्या. तुला मी सांगतोय ते याहून फारसं वेगळं नाही.

एकट्याने फार दिवस बसू नकोस. होनाजी शब्द रचायचा आणि बाळा गायचा, म्हणून लावणीवर 'होनाजी बाळा' असं दोघांचं नाव चढलं. तुझ्या कॉलेजात गाणारं कुणीतरी असेलच. त्याला कागद दे, चाल सांगू नकोस आणि तो कशी म्हणतो ते गप्प बसून ऐक. तो जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण कर. त्याच्याशी वाद घालू नकोस.

आणि तारीख ठरव. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं, आठवड्याला एक गाणं याप्रमाणे वर्षाहून थोड्या जास्त काळात छप्पन्न गाणी झाली. माडगूळकरांची प्रतिभा आपल्याकडे नाही, पण पुढच्या आठवड्याचं गाणं ठरल्या दिवशी हातात हवं, हा नियम आपल्याला पाळता येतो. तू दर रविवारी एक पूर्ण कर, अंतरा एकच असला तरी चालेल.

तुझ्या गाण्यातली दुसरी ओळ, आईच्या बांगड्यांचा आवाज भिंतीपलीकडून येतो ती, मला सोडवत नाही. तिला हात लावू नकोस. बाकीचं गाणं तिच्याभोवती पुन्हा बांधू, पण घाईने नको. पुढच्या पत्रात गाणं नको पाठवूस. अंगाईचा तो रेघा-टिंबांचा कागद पाठव, आणि श्वासाच्या उभ्या रेघा लाल पेनाने मार, म्हणजे मला चष्म्यातून नीट दिसतील.

तुझा,
काका