किसुमूची सेवायात्रा आणि लेकीची ठेव

जय ख्रिस्त, ताई.

तुमच्या पत्रात हिशेबापेक्षा धास्ती जास्त दिसली, म्हणून आधी तुमची हकिगत माझ्या शब्दांत मांडते. लेक यंदा दहावीला आहे. परीक्षेनंतरच्या सुट्टीत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातली अकरा मुले एका संस्थेबरोबर केनियातल्या किसुमूला सेवायात्रेला निघाली आहेत, 12 ते 26 मे. माणशी खर्च 1,85,000 रुपये. दुबईचा मामा 50,000 देतो म्हणाला आहे. उरलेले 1,35,000 तिच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या 3,20,000 च्या मुदत ठेवीतून काढावेत की वर्षभर दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, थांबवून जमवावेत, हा तुमचा प्रश्न. 31 जानेवारीपर्यंत 40,000 भरायचे आहेत आणि ते परत मिळणार नाहीत. शेवटी तुम्ही लिहिले आहे, "देवाच्या कामाला पैसे मोजत बसणे बरे दिसते का?"

बरे दिसते, ताई. मीही मंडळीतच वाढले. आमच्या वार्षिक सभेत खजिनदार मेणबत्त्यांपासून विजेच्या बिलापर्यंतचा हिशेब उभे राहून वाचत, आणि त्यामुळे कुणाची भक्ती उणावली नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. ठेव मोडू नका, दशमांश थांबवू नका आणि या मे महिन्यात तिला किसुमूला पाठवू नका. सेवेला मात्र जरूर पाठवा.

आता तुमच्याच आकड्यांकडे या. दोघांचे मिळून महिन्याला 66,000 येतात. दशमांशाचे 6,600, घराचा हप्ता 14,500, घरखर्च आणि धाकट्याची शाळा धरून साधारण 41,000, म्हणजे हातात उरतात जेमतेम 4,000. लेकीला बी.एस्सी. नर्सिंग करायचे आहे. चार वर्षांचा अभ्यासक्रम, तुम्ही चौकशी केलेल्या कॉलेजात वसतिगृहासह वर्षाला दीड लाख, एकूण सहा लाख. आजची ठेव सात टक्क्यांनी बारावीपर्यंत, म्हणजे दोन वर्षे राहिली तर 3,68,000 च्या आसपास होते. त्यात दोन वर्षांची बचत 96,000 आणि शिक्षण चालू असताना शेवटची फी भरेपर्यंतच्या तीन वर्षांची 1,44,000 मिळवा. बेरीज सहा लाख आठ हजार. फी एका पैशानेही वाढणार नाही असे धरले, तरच हे जुळते.

यातून 1,35,000 काढले की दोन वर्षांनी 1,55,000 कमी पडतात. म्हणजे नर्सिंगचे एक अख्खे वर्ष. शिवाय ठेव मुदतीआधी मोडली की बँक जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर देते आणि वर बहुधा अर्धा ते एक टक्का कापते. तुमचे यजमान सुप्याच्या कारखान्यात कंत्राटी आहेत, आणि अडीनडीसाठी बाजूला आहेत फक्त 60,000. एक महिना पगार थांबला तर तेवढे पुरतील, दुसऱ्या महिन्याला हात ठेवीकडेच जाणार. ती ठेव लेकीच्या शिक्षणाची आहे असे आपण म्हणतो खरे, पण आज ती साऱ्या घराची उशी आहे.

संस्थेने दिलेला खर्चाचा तक्ता तुम्ही सोबत जोडलात, हे फार चांगले केले. विमान 72,000, राहणे-जेवण-स्थानिक प्रवास 48,000, प्रवेशपरवाना-विमा-लसी 13,000, संस्थेचा व्यवस्थापन खर्च 30,000 आणि "प्रकल्प निधी" 22,000. म्हणजे शंभरातले बारा रुपये किसुमूच्या लोकांपर्यंत पोहोचतात. यात लबाडी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. विमानाला पैसे लागतातच. पण यातली फार मोठी रक्कम आपण लेकीच्या अनुभवासाठी देतो आहोत, हे स्वतःशी कबूल करायला हवे. पंधरा दिवसांत चार प्रवासाचे, दोन मसाई माराच्या अभयारण्यातले, दोन रविवार. कामाचे सात. त्यांत शाळेच्या भिंती रंगवणे आणि बालगृहातल्या मुलांबरोबर गाणी-खेळ. जिला परिचारिका व्हायचे आहे, तिच्या वाट्याला रुग्णसेवेचा एकही तास नाही.

त्या बालगृहाबद्दल जास्त बोलायला हवे, कारण ते मला पैशांहून जास्त खुपते. केनियाच्या सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. आईवडील किंवा नातलग हयात असलेली मुलेसुद्धा अशा घरांत ठेवली जातात, कारण पाहुणे येतात आणि पाहुण्यांमागून देणग्या येतात, हे तिथे आणि इतर देशांतही दिसून आले आहे. ऑस्ट्रेलियाने 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी याच गोष्टीची दखल घेतली. तुमच्या संस्थेचे बालगृह तसे आहे असा माझा आरोप नाही. पण दर सुट्टीत नवे दादा-ताई येतात, लळा लावतात आणि आठवड्याने निघून जातात, हे त्या लेकरांना सोसते का, हा प्रश्न आईने विचारायचाच असतो. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला हे माझ्याहून जास्त कळते.

दशमांशाचे. वर्षभर थांबवले तर 79,200 जमतात, आकडा मोहात पाडणारा आहे. हा प्रश्न आधी पाळकांचा आहे, पण पैशांच्या बाजूने मला एक दिसते: तुमच्या 6,600 मध्ये पाळकांचा पगार आहे, विधवा निधी आहे. ते वळवले तर मंडळीला न विचारता मंडळीच्याच पैशाने तिकीट काढल्यासारखे होईल. त्यापेक्षा लेकीने उभे राहून मंडळीकडे उघड मदत मागावी. ते मागणे स्वच्छ आहे, आणि लोक आपापल्या ऐपतीने हो-नाही म्हणू शकतात.

80जी च्या, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीच्या, पावतीवर विसंबू नका. स्वतःच्या मुलीच्या तिकिटाचे आणि जेवणाचे पैसे ही देणगी होत नाही. तुमचे यजमान नव्या करप्रणालीत आहेत, तिथे ही वजावट तशीही मिळत नाही. विदेश यात्रेच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, घेतला जातो, तो 1,85,000 मध्ये धरला आहे का ते विचारा. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण आधी खिशातून जातो.

तारखाही अडचणीच्या आहेत. 2025 मध्ये दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला आणि अकरावीची राज्यभराची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया मेअखेरीस सुरू झाली. लेक किसुमूत आणि पसंतीक्रम भरताय तुम्ही, असे होऊ शकते. मे हा तिकडच्या मोठ्या पावसाचा महिना, आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी हिवताप भरपूर. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचा दाखला नसेल तर परत आल्यावर अलगीकरणात ठेवू शकतात.

मग काय करायचे? तुमच्याच जिल्ह्यात जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला आले. दुष्काळी गावांतल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काम आजही चालू आहे, नगरहून एसटीने जाता येते. लेकीला घेऊन एकदा जाऊन या, सुट्टीत तिला काय करता येईल ते तिथल्याच लोकांना विचारा. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभे केले, दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. या माणसांनी जिथे सेवा केली तिथेच आयुष्याची कित्येक वर्षे काढली, आणि वॉनलेस तर समुद्रापलीकडून येऊन मिरजेत राहिले. लेकीला हे सांगा. तिच्या मनात जे पेटले आहे ते विझवायचे नाही. ती सोळा वर्षांची आहे आणि सुट्टीत मोबाइल मागण्याऐवजी सेवा मागते आहे, याचा मला खरोखर आनंद आहे. यंदाच्या सुट्टीसाठी जाणे-येणे, राहणे, जेवण मिळून 10,000 बाजूला काढा. तेवढे तुमच्या अडीच महिन्यांच्या बचतीतून निघतात, ठेवीला हात न लावता.

मामांना मोकळेपणाने विचारा की त्यांचे 50,000 दोन वर्षांसाठी वेगळ्या ठेवीत ठेवले तर चालतील का. बारावीनंतर ते 57,000 च्या पुढे जातील. तेव्हा ती अठराची असेल, नर्सिंगची वाट ठरलेली असेल, आणि रुग्णसेवा असलेली यात्रा तिला स्वतः निवडता येईल. लांबचीच हवी असेल तर उरलेले मंडळीकडे मागता येतील.

एका परिस्थितीत मात्र मी याच वर्षी हो म्हणेन. मामांचे धरून निदान दीड लाख बाहेरून, उघडपणे मागून जमले, उरलेले 35,000 ठेवीला न शिवता तुम्हाला उभे करता आले आणि बालगृहाबद्दल समाधानकारक उत्तर मिळाले, तर जाऊ द्या. सोबतीणी निघाल्या आहेत आणि आपण मागे राहिलो, हे त्या वयात फार लागते, याची मला जाणीव आहे. म्हणून "पैसे नाहीत" एवढेच सांगून गप्प करू नका. ठेवीची पावती आणि हा तक्ता तिच्यासमोर ठेवा, बेरीज तिलाच करू द्या.

40,000 भरण्याआधी संस्थेला ईमेल करा, फोन नको. बालगृहाची नोंदणी आहे का आणि तिथल्या किती मुलांचे पालक हयात आहेत? अल्पवयीन मुलींबरोबर रात्री कोण बाई असणार? यात्रा रद्द झाली तर किती पैसे आणि किती दिवसांत परत? जमलेला निधी पुढच्या वर्षाकडे वळवता येतो का? उत्तरे आली की मला पाठवा, आपण दोघी मिळून वाचू.