गरोदरपणात बीपी वाढलं तर: वाचकांचे प्रश्न

सातवा महिना आहे. उपकेंद्रात बीपी 142/92 आलं, संध्याकाळी घरच्या मशीनवर 128/84. खरं कुठलं? (देवगड)

दोन्ही खरी असू शकतात. दवाखान्यात निदान 4 तासांच्या अंतराने दोनदा 140/90 किंवा त्याहून जास्त आलं, तर वाढलं असं धरतात. घरच्या मशीनवर 135/85 लाच सावध व्हायचं. चढ चढून उपकेंद्रात पोचल्या पोचल्या हात पुढे केलात, तर आकडा फुगणारच. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, मांडी नको, हात छातीच्या उंचीवर. दंडाचा घेर 32 सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा मागा, कारण छोट्या पट्ट्याने बीपी खोटं जास्त दिसतं. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. पण "घाबरलीस म्हणून वाढलं" एवढ्यावर विषय सोडू नका. याच आठवड्यात लघवीतली प्रथिनं, प्लेटलेट्स, लिव्हर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.

सुनेच्या पायाला सूज आहे म्हणून तिचं मीठ बंद केलंय. सुकट, लोणचं सगळं. बरोबर ना? (गुहागर)

सुकट-लोणचं कमी केलंत, बिघडलं नाही. जेवणातलं मीठ मात्र तोडू नका. गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराचं मूळ वारेत (प्लासेंटात) असतं: वारेला रक्त पोचवणाऱ्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या नीट रुंदावत नाहीत. ते मीठ तोडून सुधारत नाही. आणि पायाची सूज शेवटच्या महिन्यांत बहुतेकींना येते. चेहरा, हात एकाएकी सुजले, अंगठी निघेना, तर बीपी लगेच मोजा.

कॅल्शियम मात्र चुकवू नका. सरकारी योजनेत चौथ्या महिन्यापासून 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणानंतर देतात. लोहाच्या गोळीसोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. नाचणीची आंबील जरूर द्या, पण ती गोळीच्या जागी नव्हे.

पहिल्या खेपेला 34 व्या आठवड्यात झटके आले होते. आता दोन महिने झालेत. आधीपासून काही करता येतं का? (श्रीवर्धन)

येतं, आणि वेळ आत्ताच आहे. तुमच्यासारख्यांना डॉक्टर 12 व्या आठवड्यापासून रात्री कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन (75 ते 150 मिलिग्रॅम) सुरू करतात, साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत. 16 व्या आठवड्यानंतर सुरू केली तर फायदा घटतो. मनाने घेऊ नका. आधीपासून बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा एनालाप्रिल चालू असेल तर आजच डॉक्टरांना सांगा: ती बाळाच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. त्याऐवजी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा आहेत. मात्र आधीची गोळी परस्पर बंद करून बसू नका.

वाडीतून तालुक्याला जायला दीड तास लागतो, पावसात त्याहून जास्त. नेमकं कधी निघायचं? (वैभववाडी)

160/110 आलं की 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच असेल तर निघा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे ठिपके, बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काही असेल तर आकड्याची वाट बघू नका. पोटदुखीला पित्त समजून कोकमाचं आगळ पाजत बसण्यात मोलाचे तास जातात.

झटका आलाच तर डाव्या कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही नको. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. 108 लावा. वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनचा पहिला डोस मागा: 5-5 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोल, मिळून 10 ग्रॅम. तो देऊनच पुढे पाठवायचं असतं. सिझेरियन, रक्तपेढी आणि नवजात कक्ष तिन्ही कुठे आहेत हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. गंभीर केस सिंधुदुर्गातून बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवावी लागते, तो वेळही हिशेबात धरा.

बाळंतपण झालं, आता गोळ्या बंद ना? (मालवण)

नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढतं, नेमकं घरी आल्यावर. बाळंतिणीचं डोकं दुखलं की "वारं लागलं" म्हणत फडकं बांधतात. आधी बीपी मोजा. गोळ्या डॉक्टरच कमी करत आणतील. सहा आठवड्यांनंतरही 140/90 च्या खाली आलं नाही, तर पुढच्या तपासण्या कराव्या लागतील.