सोळा वर्षं कुठं गेली?

प्रश्न : आमच्या चर्चची स्मरणिका काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. गाव लहान, चर्चही लहान. लिहिलेला इतिहास एका ओळीचासुद्धा नाही. दरवाज्यावरच्या दगडात एक साल कोरलेलं आहे, पण बाप्तिस्म्याची पहिली वही त्यानंतर सोळा वर्षांनी सुरू होते. मधल्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, असं म्हातारी माणसं सांगतात. स्थापनेचं खरं साल कोणतं धरू?

उत्तर : वाळवीवर खापर फोडण्याआधी त्या वहीचं पहिलं पान पुन्हा उघडा. तिथं 'लिबेर प्रीमुस', म्हणजे 'वही पहिली', असं लिहिलेलं असेल, तर काही हरवलेलंच नाही.

दगडावरचं साल इमारतीचं असतं. धर्मग्राम, म्हणजे स्वतंत्र पॅरिश, मात्र महागुरूंच्या (बिशपांच्या) लेखी आदेशानं जन्माला येतो. तोवर ते देऊळ, म्हणजे चर्च, एखाद्या मोठ्या, मातृ-धर्मग्रामाच्या पदरात असतं आणि बाप्तिस्मा तुमच्या गावात झाला तरी नोंद तिकडच्या वहीत पडते. तुमची सोळा वर्षं बहुतेक तिथल्या कपाटात आहेत. प्रमुख धर्मगुरूंची परवानगी घ्या आणि त्या वहीत तुमच्या गावाचं नाव शोधत बसा. शिवाय १९१७च्या कॅथलिक चर्च कायद्यानं या वह्यांची प्रत दरवर्षी महागुरूंच्या कार्यालयात पाठवणं बंधनकारक केलं होतं, म्हणून धर्मप्रांताच्या दप्तरखान्यातही चौकशी करा.

वह्यांतल्या लॅटिनची धास्ती नको. चार-सहा शब्द पुन्हा पुन्हा येतात : 'नातुस' जन्मलेला, 'पात्रिनी' धर्ममातापिता, 'विदुआ' विधवा, 'सेपुल्तुस' पुरलेला. आठवड्याभरात डोळा बसतो. मी शाळेत गणित शिकवायचे, लॅटिनचा गंधही नव्हता. निवृत्तीनंतर याच वह्यांवर शिकले.

लग्नाची आणि बाप्तिस्म्याची वही ठेवा, असं कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं १५६३ साली ठरवलं. १६१४च्या रोमन विधिग्रंथानं मृत्यूची वही आणि घरोघरच्या माणसांची यादीही त्यात घातली. पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो बाप्तिस्म्याच्या वहीचा समास. १९०८पासून लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या पानावर मागे जाऊन करायची, असा नियम लागू झाला. मी वाचलेल्या एका पानावर सात मुलींच्या नावांशेजारी सात निरनिराळ्या चर्चांची नावं होती. कुठल्या मुली कुठल्या वाटेनं सासरी गेल्या, गावाचे सोयरे कुठवर पसरले, ते सगळं तेवढ्या दीड इंचाच्या पट्टीत होतं. स्मरणिकेत धर्मगुरूंचे फोटो ओळीनं छापतात. या मुलींबद्दल कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा.

मृत्यूची वही घाईनं चाळू नका. १९१८च्या साथीचे महिने मी एका वहीत वाचले. आधी प्रत्येक नोंद चार ओळींची, सावकाश, वळणदार अक्षरात. मग तीन ओळी, दोन, शेवटी नुसतं नाव आणि वय. एका पानावर अक्षरच बदललं आणि त्या नव्या अक्षरातली दुसरी नोंद आधीच्या धर्मगुरूंची होती. मी वही मिटून बराच वेळ तशीच बसले.

एक पथ्य पाळा. बापाचं नाव कोरं ठेवलेल्या नोंदीही सापडतील. त्या घरांचे वंशज आज तुमच्या शेजारच्या बाकावर बसतात. त्या छापू नका, गप्पांतही काढू नका.

घंटेवरचं साल टिपा, पण त्यावरून चर्चचं वय काढू नका. घंटा दुसऱ्या चर्चकडून आलेली असू शकते. हिशेबाची वही असेल तर १९६३नंतरची पानं बघा. त्या वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनाविधीचा दस्तऐवज निघाला आणि पुढं ठिकठिकाणी भिंतीला टेकलेल्या वेदीऐवजी लोकांकडे तोंड करता येईल अशी वेदी आली. सुताराचं किंवा गवंड्याचं बिल तिथंच सापडेल.

स्मरणिकेत दोन्ही सालं छापा : दगडाचं 'देऊळ बांधलं' म्हणून, आणि आदेशाचं 'धर्मग्राम झाला' म्हणून. आदेश मिळेपर्यंत दुसरी जागा कोरी ठेवा. वहीचं साल तिथं अंदाजानं भरू नका.

वह्या थांबतील, माणसं थांबणार नाहीत. लॅटिन मिस्सा ऐकलेली मुलं आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्याकडे याच रविवारी जा आणि साल विचारू नका. घंटेचा दोर कोण ओढायचं, ते विचारा.