‘वेदन’ म्हणजे दुखणे नव्हे

नागपुरातील एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, तिच्या मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकात आधी ‘वेदन’ येते आणि मग ‘संवेदन’, मैत्रिणीच्या हिंदी पुस्तकात मात्र पहिल्यालाच ‘संवेदना’ म्हटले आहे. मग बरोबर कोणते, आणि ‘वेदन’ म्हणजे दुखणेच ना?

नव्हे. ‘विद्’ म्हणजे जाणणे. त्याच धातूपासून ‘विद्या’ आली आणि ‘वेदना’ही. वेदना मुळात नुसती जाणीव होती, ती दुखण्यापुरती उरली ती पुढे, आणि ‘वेदनाशामक’सारख्या शब्दांनी तो अर्थ पक्का केला. जुना अर्थ पाहण्यासाठी कोश उघडावा लागतो असेही नाही. दीक्षाभूमीच्या या शहरात रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे बौद्ध धम्मातले पंचस्कंध, म्हणजे माणूस घडवणारे पाच घटक, ज्यांच्या कानावरून गेले आहेत, त्यांना ठाऊक असते की तिथली वेदना सुखद असते, दुःखद असते आणि दोन्ही नसलेलीही असते. मराठी मानसशास्त्राने ‘वेदन’ हे रूप घेऊन दुखण्याचा गोंधळ टाळला, निदान तसा प्रयत्न केला.

ज्ञानेंद्रियाने घेतलेली पहिली नोंद म्हणजे वेदन, आणि मेंदूने तिचा लावलेला अर्थ म्हणजे संवेदन. कानावर आवाज पडणे हे वेदन. ‘कोणी आल्याची चाहूल लागली’ असे आपण म्हणतो तेव्हा ते संवेदन झालेले असते. आंबिया बहाराचा हिरवट संत्रा नारंगी जाळीच्या पिशवीत अधिक पिकलेला दिसतो आणि घरी पिशवीतून काढला की पुन्हा हिरवट. सालीचा रंग तोच असतो, पण मेंदू त्यात जाळीचा रंग मिसळून पाहतो.

एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तर हा फरक रांगत्या बाळांतच दिसतो. सहा ते चौदा महिन्यांच्या ३६ बाळांना त्यांनी एका फळीवर ठेवले. दोन्ही बाजूंना जाड काच होती. एकीकडे काचेला लागूनच चौकटीचे कापड होते, तर दुसरीकडे ते खाली खोल जमिनीवर. फळीवरून २७ बाळे हलली, पण आई बोलावत असतानाही खोल बाजूला फक्त तीन गेली. काहींनी काच हाताने थोपटून पाहिली, ती घट्ट लागली, तरी ती पुढे सरकली नाहीत. तळव्याला काचेचे वेदन होत होते, पण डोळ्यांवरून झालेले खोलीचे संवेदन वरचढ ठरले.

आता हिंदीचे. तिथे ‘संवेदना’ म्हणजे आपले वेदन, आणि आपल्या संवेदनाला ‘प्रत्यक्षण’ म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत, परंतु उत्तरपत्रिकेत त्यांची सरमिसळ करू नये. आणि हिंदी पुस्तकात ‘प्रात्यक्षिक प्रक्रियाएँ’ असे शीर्षक दिसले, तर प्रयोगवही शोधायला उठू नये, कारण तो धडा संवेदनाचाच आहे.