तीस पॉइंट्स झाले, पण पेशंटला काय मिळालं?

या वेळचा विषय होता डॉक्टरांचं ऑनलाइन शिक्षण, म्हणजे प्रॅक्टिसमधल्या डॉक्टरांनी घरबसल्या अपडेट राहायचं ते सीएमई (कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन) प्रकरण. मला वाटलेलं फक्त डॉक्टर लिहितील, पण पेशंटांनीही लिहिलंय आणि त्यांचे प्रश्न जरा जास्तच टोकदार आहेत. निवडक घेतलेत, लांबलेले कापलेत, रागावू नका.

प्रश्न : मॅडम नमस्कार. सिंहगड रोडला माझं क्लिनिक आहे, वीसेक वर्षं झाली. रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल जवळ आलंय आणि सीएमईचे तीस क्रेडिट पॉइंट्स पुरे करायचेत. सकाळ-संध्याकाळ ओपीडी, मग रात्री साडेनऊला वेबिनार लावतो, समोर ताट असतं, कॅमेरा बंद आणि खरं सांगायचं तर थोड्या वेळानं मी पण बंद. पूर्वी टिळक रोडला आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) हॉलमध्ये जायचो ते बरं होतं असं वाटतं. ऑनलाइन खरंच काही शिकतो का आपण, की नुसती सर्टिफिकिटं गोळा करतोय?
— एक जीपी, सिंहगड रोड

उत्तर : डॉक्टर, हॉलमध्ये तरी काय वेगळं होतं हो, मागच्या दोन रांगा डोळे मिटूनच बसायच्या आणि जेवणाची वेळ झाली की सगळे टकटकीत जागे. त्यामुळे हॉल की स्क्रीन ह्या वादात मी फार पडत नाही. ह्यावर बरंच संशोधन झालंय आणि ते आपल्याला फार सोयीचं नाहीये. १९९९ मध्ये डेव्ह डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जामा ह्या जर्नलमध्ये तोवरच्या ट्रायल्सचा आढावा घेतला, त्यात निघालं की नुसतं लेक्चर ऐकून डॉक्टरांची प्रॅक्टिस बदलल्याचं दिसत नाही, जिथे केसवर चर्चा होते, स्वतः काही करून बघायला लागतं, तिथे बदल दिसतो. तेव्हा झूम नव्हतं, म्हणजे दोष झूमचा नाही, एकानं बोलायचं आणि शंभरांनी ऐकायचं ह्या पद्धतीचा आहे.

मग २००५ मध्ये त्याच जर्नलमध्ये एक ट्रायल आली, प्रायमरी केअरचे ९७ डॉक्टर, विषय कोलेस्टेरॉल. एका गटाला एकदाच भरवलेली समोरासमोरची वर्कशॉप, दुसऱ्याला इंटरनेटवरचा कोर्स, जो दोन आठवड्यांत सवडीनं, तुकड्या-तुकड्यांत पुरा करायचा. ज्ञान दोन्हीकडे जवळपास सारखंच वाढलं आणि बारा आठवड्यांनी तपासलं तरी टिकून होतं. आणि ऑनलाइनवाल्यांच्या जास्त धोक्याच्या पेशंटांमध्ये गाइडलाइनप्रमाणे औषध मिळणाऱ्यांचं प्रमाण साधारण ८५ टक्क्यांवरून ९० वर गेलं. फार मोठी उडी नाही, कबूल, पण पेशंटच्या पेपरवर दिसलेला फरक आहे तो, आणि मला तेवढाच मोजावासा वाटतो.

तेव्हा ऑनलाइन घ्याच, पण रात्री साडेनऊचं जेवणासोबतचं लेक्चर नको. असं काहीतरी शोधा जे मध्ये थांबवून तुम्हाला विचारतं की आता तुम्ही काय कराल, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. दुपारी दोन ओपीडींच्या मधे वीस मिनिटं मिळतात ना, त्यात बसेल असं. तुमच्याच भागाचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी ह्या पट्ट्यात गियाँ बारे सिंड्रोमच्या (जीबीएस, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते) केसेस निघाल्या तेव्हा पहिल्यांदा ते पेशंट कोणाकडे आले? तुमच्यासारख्यांकडेच. कुणी म्हणालं पायात मुंग्या येतात, कुणी म्हणालं जिना चढवत नाही, आणि खोदून विचारलं तर आठ-दहा दिवसांपूर्वी जुलाब झालेले. तेव्हा आपल्याला जीबीएसचा इतिहास नको होता, गुडघ्याचा रिफ्लेक्स तपासायचं डोक्यात यायला हवं होतं, अशक्तपणा पायाकडून वर चढतोय का हे विचारायला हवं होतं, श्वासाची ताकद बघायची, स्टेरॉइड देऊन घरी पाठवायचं नाही कारण ह्यात त्याचा उपयोग होत नाही, आणि आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या अँटीबॉडी) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला प्लाझ्मा बदलणं) जिथे होतं तिथे वेळेत पोचवायचं. पंधरा मिनिटांची एक केस, चार प्रश्न, झालं. चाळीस स्लाइड कशाला हव्यात.

पॉइंट्सबद्दल थोडक्यात. पाच वर्षांत तीस तास हे २००२ च्या आचारसंहितेच्या नियमांमध्येच लिहिलेलं आहे, म्हणजे वर्षाला सहा, आणि आपण सगळे ते शेवटच्या तीन महिन्यांत कोंबतो. कुठल्याही ऑनलाइन कार्यक्रमाला पैसे भरायच्या आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची मान्यता आहे का आणि किती पॉइंट्सची आहे हे विचारून घ्या, बाहेरच्या वेबसाइटचं सुंदर सर्टिफिकेट आलं म्हणजे ते आपोआप खात्यात धरलं जाईल असं समजू नका. आणि पीडीएफ त्याच दिवशी सेव्ह करा, व्हॉट्सॲपवर ठेवून नंतर शोधत बसू नका.

प्रश्न : मी एकाहत्तर वर्षांचा, सदाशिव पेठेत राहतो. आमचे फॅमिली डॉक्टर माझ्याच वयाचे, माणूस सोन्यासारखा, रात्री-अपरात्री धावून आलेत. मला दमा आहे, त्यांनी एक पंप दिलाय, धाप लागली की ओढायचा, वर्षानुवर्षं तेवढंच चाललंय. मुलगी म्हणते आता नवीन डॉक्टर बघा, ह्यांचं ज्ञान जुनं झालं. मला पटत नाही. अनुभव मोठा का अपडेट असणं?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, मुलीचं अर्धं बरोबर आहे. २००५ मध्ये चौधरी आणि मंडळींनी एक आढावा घेतला होता, ६२ अभ्यासांचा, त्यातल्या निम्म्याहून जास्त अभ्यासांमध्ये दिसलं की प्रॅक्टिसची वर्षं वाढतात तसा दर्जा खाली जातो. आम्हा जुन्या मंडळींना हे वाचून छान वाटत नाही, पण आहे. मात्र ही सगळ्यांची मिळून सरासरी झाली, तुमचे डॉक्टर त्यात कुठे बसतात ते त्यावरून कळत नाही, आणि तुम्हाला ओळखणारा डॉक्टर ही गोष्ट कुठल्या वेबिनारवर मिळत नाही.

आता पंपाचं. दम्याची गिना नावाची आंतरराष्ट्रीय गाइडलाइन आहे, तिने २०१९ मध्ये मोठा बदल केला, मोठ्या माणसांना आणि टीनएजर मुलांना फक्त धाप लागल्यावरचा सालब्युटामॉलसारखा पंप एकटा देऊ नका, सोबत इन्हेलरमधलं स्टेरॉइड हवंच. कारण पहिल्या पंपानं नळी तेवढ्यापुरती उघडते, आतली सूज तशीच राहते आणि एखाद दिवशी मोठा ॲटॅक येतो. तुमच्या पंपात नक्की काय आहे मला माहीत नाही, त्यामुळे पत्रावरून बदलायला सांगणार नाही. पुढच्या वेळी पंप हातात घेऊन जा आणि सरळ विचारा, "डॉक्टर, दम्याच्या उपचारात मधल्या काळात काही बदललंय म्हणतात, माझ्या पंपात बदल करायला हवा का?" चांगला डॉक्टर ह्यावर चिडत नाही. कदाचित म्हणेल, बघून सांगतो, दोन दिवसांनी या. तसं म्हणाला तर डॉक्टर अजिबात बदलू नका. उडवून लावलं तर मग मुलीचं ऐका.

प्रश्न : मॅडम, फुकट वेबिनार बहुतेक सगळे फार्मा कंपन्यांचे असतात. स्पीकर मोठा, विषय चांगला, पण शेवटी गाडी एकाच मॉलिक्युलवर, म्हणजे कंपनीच्याच औषधावर येते. जावं का नाही?
— एमडी मेडिसिन, हडपसर

उत्तर : जा, पण शेवटची दहा मिनिटं वेगळ्या कानानं ऐका. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं औषध कंपन्यांच्या मार्केटिंगची नवी संहिता काढली, त्यात कंपन्यांनी परदेशात सीएमई भरवायला बंदी आहे, आणि स्पीकर सोडून इतर डॉक्टरांच्या प्रवास-मुक्कामाचा खर्च कंपनीनं करायचा नाही असंही आहे. छान आहे, पण घरी बसून बघायच्या वेबिनारला तिकीटही लागत नाही आणि हॉटेलही लागत नाही, तिथे प्रभाव पडतो तो विषय कुठला निवडला ह्यातून. नव्या महागड्या शुगरच्या गोळीवर दर आठवड्याला वेबिनार सापडेल, पेशंटला मीठ कमी कसं करायला लावायचं ह्यावर कोण स्पॉन्सर करणार? आपल्या शिक्षणाचा सगळाच अभ्यासक्रम कंपन्या ठरवत असतील तर आपल्या डोक्यात भोकं राहतात आणि ती आपल्याला दिसत पण नाहीत. मी स्वतः एक साधी कसोटी लावते, ह्या आजाराला सगळ्यात स्वस्त औषध कोणतं आणि ते कधी पुरतं हे स्पीकरनं सांगितलं का. चॅटमध्ये टाइप करून विचारा तर खरं. मॉडरेटर तो प्रश्न वेळेअभावी गाळतो की घेतो, ह्यावरून बरंच कळतं.

प्रश्न : मी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर आहे, वेल्ह्याकडे. रेंज कधी असते कधी नसते. पुण्यातले मित्र रोज काहीतरी कॉन्फरन्स करतात, मी एकटाच मागे पडतोय असं वाटतं. जरा अवघड पेशंट आला की ससूनला पाठवतो, आणि तो बऱ्याचदा जातच नाही.
— एमबीबीएस, बॉण्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेत)

उत्तर : तुझं पत्र मला सगळ्यात आवडलं. (अरे-तुरे करते, माझ्या मुलाच्या वयाचा असशील.) तुला लेक्चर नकोय, तुला मागे कुणीतरी उभं हवंय. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा म्हणून लिव्हरचे डॉक्टर आहेत, त्यांच्या हेपटायटिस सीच्या क्लिनिकला आठ-आठ महिन्यांचं वेटिंग असायचं आणि लांबच्या गावचे पेशंट येऊच शकत नव्हते, तुझ्या ससूनसारखंच. २००३ मध्ये त्यांनी प्रोजेक्ट एको सुरू केलं. आठवड्यातून एकदा व्हिडिओवर गावोगावचे डॉक्टर जमायचे, प्रत्येकानं आपली केस मांडायची, पेशंटचं नाव न सांगता, तज्ज्ञांनी आणि बाकीच्यांनी मिळून ठरवायचं, आणि उपचार त्या गावच्या डॉक्टरनंच करायचे. २०११ मध्ये त्याचे निकाल न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आले, युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के पेशंट बरे झाले आणि गावच्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. मला हे दोन आकडे शेजारी-शेजारी बघायला फार आवडतात.

आपल्याकडेही एको चालतं, बंगळुरूच्या निम्हान्सनं मानसिक आरोग्य आणि व्यसनांसाठी ते वापरलंय. वेल्लोरच्या सीएमसीचा फॅमिली मेडिसिनचा दूरशिक्षणाचा डिप्लोमा आहे, त्यांचं ब्रीदच 'रेफर लेस, रिझॉल्व्ह मोअर' असं आहे, बॉण्ड संपला की विचार कर. तोवर तुमच्या तालुक्यातले चार-पाच एमओ आणि एखादा ओळखीचा फिजिशियन मिळून आठवड्याला एक तास ठरवा, व्हिडिओ नाही चालला तर साधा कॉन्फरन्स कॉल, त्याला रेंज कमी लागते, एका वेळी एकच केस घ्या. पेशंटचा चेहरा आणि नाव असलेले फोटो मात्र ग्रुपवर टाकायचे नाहीत, ईसीजीवरचं नाव आधी झाका. पॉइंट्स मिळणार नाहीत ह्याचे. शिकशील मात्र भरपूर.

प्रश्न : ओपीडीत पेशंट समोर असताना पटकन बघायला काय वापरता? पेड ॲप्स परवडत नाहीत. माझा ज्युनियर सरळ एआयला विचारतो.
— जीपी, पिंपळे सौदागर

उत्तर : आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लोज, म्हणजे उपचार कसे करायचे त्याचे तक्ते, २०१९ पासून आहेत, फुकट आहेत, एका आजाराला साधारण एक पान, कधी रेफर करायचं तेही त्यातच. भारतातल्या दवाखान्यासाठी लिहिलेली आहेत हे महत्त्वाचं, नाहीतर अमेरिकन गाइडलाइन वाचून आपण वारज्यातल्या माणसाला नको ते टेस्ट सांगतो. प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलीत तरी चालतील. एआय वाक्यं फार आत्मविश्वासानं लिहितं आणि कधीकधी अस्तित्वात नसलेला पेपर पण दाखवतं, त्यामुळे डोस तर त्याच्यावर विसंबून कधीच लिहू नये. ज्युनियरला सांगा, विचार पण मूळ कागद उघडून दाखव. आणि पेशंटसमोर फोन बघताना तोंडानं सांगायचं, "तुमच्या औषधाचा डोस चेक करतेय", नाहीतर त्यांना वाटतं आपण रील बघतोय. ह्या तक्रारीची तीन पत्रं आलीत, उत्तर हेच समजा.

प्रश्न : माझे मिस्टर डॉक्टर आहेत. रोज रात्री दहापर्यंत क्लिनिक आणि मग वेबिनार. घरात आम्ही दोन माणसं राहतो का एक माणूस आणि एक हेडफोन, तेच कळेनासं झालंय. हे कंपल्सरी असतं का?
— एक गृहिणी, बिबवेवाडी

उत्तर : रोज रात्रीचं नाही हो, कंपल्सरी वर्षाला सहाच तास. उरलेल्या रात्रींचा हिशोब त्यांनाच मागा.