‘जर्मन, सीलपॅक’ म्हणून विकलेली बास गिटार

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो. पतसंस्थेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. गणपतीच्या तोंडावर पुण्याच्या एका दुकानातून व्हायोलिनच्या आकाराची बास गिटार घेतली. ‘ओरिजिनल जर्मन, सीलपॅक पीस’ असं दुकानदाराने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. 38 हजार ठरले. 20 हजार आधी यूपीआयने पाठवले, 18 हजार मित्राच्या हाती रोख दिले. मित्राने खोकं तसंच बंद आणलं. बिल मात्र 20 हजारांचंच आहे. उघडल्यावर खोक्यावर ‘मेड इन चायना’ दिसलं आणि गिटारच्या पाठीवर ओरखडे. तारा बदलल्यापासून वरच्या फ्रेटवर (पडद्यांवर) ती बेसूर लागते, उभं राहून वाजवताना गिटारची मान खाली जाते. ओळखीचे सुतार ब्रिज फेव्हिकॉलने चिकटवून देतो म्हणतात. दुकानदार बिलावरची ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘वाद पुणे न्यायकक्षेत’ ही वाक्यं दाखवतो. खरं सांगायचं तर तिचा आवाज मला फार आवडलाय. काय करू?

उत्तर : तुमच्या चार तक्रारी आहेत. त्यातल्या दोन आजच सोडून द्या. आणि सुताराला आधी थांबवा.

या घडणीच्या गिटारचा ब्रिज, म्हणजे आपली घोडी, गिटारच्या धडाला चिकटवलेला नसतो. तंबोऱ्याच्या घोडीसारखा तोही तारांच्या ताणावर उभा असतो. तुम्ही चारही तारा एकदम काढल्या असणार, त्यामुळे तो सरकला. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून येणारा सूर) वाजवा, मग त्याच फ्रेटवर तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज टेलपीसकडे (तारा अडकवतात त्या मागच्या टोकाकडे) सरकवा, उतरता आला तर मानेकडे. जमलं की पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा आणि पुढच्या वेळी एकेक तार बदला. तारा आखूड स्केलच्याच घ्या : हिचं स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, साधारण 30 इंचांचं असतं, नेहमीच्या बासचं 34. हाताला अडलं तर मिरजेत एखाद्या सतारमेकरला दाखवा, घोडी बसवणं हे त्यांचं रोजचं काम आहे. मान खाली जाते तेही घडणीमुळेच. धड पोकळ आणि हलकं, त्यामुळे तोल मानेकडे जातो. रुंद, खरखरीत चामड्याचा पट्टा लावा.

या दोन गोष्टी तक्रारीत घातल्यात तर दुकानदाराचा वकील बाकी सगळं बाजूला ठेवून यांच्यावरच बोलेल. ‘ग्राहकाला वाद्य हाताळता येत नाही’ हे वाक्य तो पहिल्याच परिच्छेदात लिहील, आणि ते निम्मं खरं ठरेल.

तुमचं खरं बळ ‘जर्मन’ आणि ‘सीलपॅक’ या दोन शब्दांत आहे. हा आकार प्रसिद्ध केला हॉफनर या जर्मन कंपनीने. त्यांचं 500/1 हे मॉडेल 1956 मध्ये आलं. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला ते घेतलं आणि तेव्हापासून हा आकार म्हणजे जर्मनी असं डोक्यात बसलं. आज मात्र हा आकार अनेक कंपन्या काढतात आणि खुद्द हॉफनरच्या स्वस्त मालिका आशियात बनतात. त्यामुळे खोक्यावर चायना आहे म्हणून गिटार खोटी किंवा वाईट ठरत नाही. तुमच्या पत्रावरून ती चांगलीच वाजते. तक्रार एवढीच की सांगितलं एक आणि दिलं दुसरं. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, असं 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 15 सांगतं. दर्जाबद्दल खोटं सांगणं आणि जुना माल नवा म्हणून खपवणं, दोन्ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहेत. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्याच कलमात येतं. त्यामुळे बिलावर छापलेल्या त्या ओळीने तुमचा हक्क जात नाही. पुणे न्यायकक्षेचंही तसंच. कलम 34 प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीत.

ओरखड्यांचे फोटो मी पाहिले. पाठीवर मधोमध, सगळे एकाच पट्ट्यात आणि आडवे. बेल्टच्या बकलचे असेच उठतात. दुकानात डेमोला, म्हणजे गिऱ्हाइकांना वाजवून पाहायला ठेवलेली गिटार असावी, पण हा माझा अंदाज. पुरावा हवा. तुमच्या मित्राने खोकं बंद आणलं आणि उघडताना तो हजर होता, तर त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. गिटारचा सीरियल नंबर कंपनीला किंवा आयातदाराला ई-मेलने पाठवून ती कुठे आणि कधी बनली ते लेखी विचारा. उत्तर आलं तर प्रयोगशाळेत तपासणीची वेळ बहुधा येणारच नाही. व्हॉट्सॲपचा संवाद काही पुसून न टाकता ठेवा. स्क्रीनशॉटबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा मसुदा वकील किंवा टायपिस्ट करून देतो.

रोख दिलेल्या 18 हजारांचं दुखणं मोठं आहे. बिल कमी रकमेचं करून देणं ही दुकानदाराची सोय होती आणि तुम्ही ती चालवून घेतलीत. आता लपवू नका. शपथेवर पूर्ण रक्कम लिहा. 38 हजारांचा भाव ठरल्याचा संदेश फोनमध्ये असेल तर तोच तुमचा आधार, शिवाय मित्र. नसेल तर दुकानदाराला साधा संदेश पाठवा : ‘38 हजार दिले, बिल 20 चं का?’ रागाच्या भरात लोक खरं लिहून जातात.

दुकानदार असंही म्हणेल की तुम्ही पैसे घेऊन वाजवता, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. घाबरू नका. मुख्य हेतू काय हे पाहायचं, अशी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये घालून दिली. शिवाय स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यानेच व्यापारी हेतूतून वगळली आहे. तुमची नोकरी आहे, म्हणून ही दुसरी वाट तुम्ही धरू नका. हौसेने वाजवतो, चार पैसे मिळतात, हे जसं आहे तसं सांगा. बिल ऑर्केस्ट्राच्या जीएसटी क्रमांकावर असेल तर मात्र गोष्ट अवघड होते. तसं असेल तर मला आधी कळवा.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. गिटार ठेवायची असेल तर पूर्ण पैसे परत मागू नका. किमतीतला फरक आणि भरपाई मागा. त्याच दुकानात त्याच मॉडेलचा आजचा भाव काय, आणि डेमो पीस कितीला देतात, हे तिऱ्हाइताकडून विचारून घ्या. परत करायची असेल तर आजपासून ती वाजवणं बंद. नवरात्रात स्टेजवर वाजवलेली गिटार सदोष म्हणून परत करताना आयोगासमोर तोंड दाखवणं कठीण जातं. मी तुमच्या जागी असतो तर ठेवली असती आणि फरक वसूल केला असता. चांगला आवाज पुन्हा शोधत फिरणं सोपं नाही. पण हा तुमचा निर्णय.

एक आनुषंगिक गोष्ट. गिटार जुनी निघाली तर ती दुकानात कुठून आली हेही विचारा. मॅकार्टनीची ती 1961 ची गिटार 1972 मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली आणि ती त्याला परत मिळाल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. आपल्याकडेही चोरीचा माल विकत घेणारा सहसा मालक होत नाही, मग त्याने कितीही पैसे मोजलेले असोत.

नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. स्वतः लिहिलीत तरी चालते. दरम्यान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कित्येक दुकानदार तिथेच नरमतात. नाही नरमला तर तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून किंवा आयोगाच्या कार्यालयात दाखल करा. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण उशीर करू नका, कारण व्हॉट्सॲपचे संदेश आणि मित्राची आठवण दोन्ही तेवढे दिवस टिकतील याची खात्री नसते. आयोगाची नोटीस मिळाल्यापासून दुकानदाराला लेखी उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे आयोग एक दिवसही वाढवून देऊ शकत नाही.